पेटींतील पत्रें आणि मेसापोटेमियाची वाट

पहिल्या महायुद्धाचा इतिहास बहुतांशीं सेनापतींच्या आठवणींवरून, सरकारी खलित्यांवरून आणि लष्करी नकाशांवरून लिहिला गेला. त्यांत पलटणीचें नांव येतें, ब्रिगेडचा क्रमांक येतो, हिंदी शिपाई शौर्यानें लढले असें एखादें वाक्य येतें, आणि प्रकरण संपतें. शिपायाचा स्वतःचा इतिहास मात्र रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतील जुन्या घरांच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटींत, फडक्यांत बांधून ठेवलेला असतो. पांच-पंचवीस पत्रें, मनिऑर्डरींचीं कांहीं कुपनें, एक-दोन पिवळीं पडलेलीं छायाचित्रें आणि फीत विटलेलीं दोन-तीन पदकें, एवढाच त्याचा ऐवज. लढाईवर गेलेल्या पुरुषाचा मुलगा ती पेटी जपतो, पण उघडीत नाहीं. नातू उघडतो, तेव्हां सांगणारें कोणी उरलेलें नसतें. वडील कोठें गेले, कोणत्या वाटेनें गेले, आणि मधल्या दोन वर्षांत त्यांचें एकहि पत्र कां आलें नाहीं, असे प्रश्न मग त्या घरांत उभे राहतात.

या प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळ अंशीं मिळूं शकतात. मात्र कागद वाचण्याची रीत ठाऊक पाहिजे. ती रीत समजण्यास सहाव्या पुणें डिव्हिजनचें उदाहरण फार उपयोगी आहे. या डिव्हिजनमध्यें १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. इतर जातिधर्मांच्या हिंदी पलटणी आणि गोऱ्या पलटणी यांच्यासह त्यांनीं १९१४ ते १९१६ या काळांत इराणी आखाताच्या मुखापासून बगदादच्या वेशीपर्यंत मजल मारली, आणि शेवटीं तैग्रीस नदीच्या एका वळणावर, कुट-एल-अमारा या गांवीं, त्यांना शस्त्रें खालीं ठेवावीं लागलीं. महाराष्ट्रांतील असंख्य घरांचा या युद्धाशीं जो संबंध आला, तो याच वाटेनें आला.

शोधाचा पहिला दुवा पदक हा होय. पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर शिपायाचा नंबर, नांव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ चा कांशाचा तारा पेटींत असेल, तर तो मनुष्य १९१५ साल संपण्यापूर्वीं रणभूमीवर पोहोंचला होता, एवढें निश्चित. केवळ युद्धपदक आणि विजयपदक असेल, तर तो त्यानंतर गेला असला पाहिजे. युद्धपदक रुप्याऐवजीं कांशाचें असेल, तर तो लढवय्या शिपाई नसून पखालजी, खेचरवाला, डोलीवाला किंवा मजूर तुकडींतील माणूस असावा. घरांत मात्र पुढें सगळेच ‘लढाईवर गेलेले’ म्हणून ओळखले जातात. यांत कमीपणा कांहींच नाहीं. गोळ्यांच्या वर्षावांत पाण्याची पखाल घेऊन जाणारा मनुष्य निःशस्त्र असे, एवढाच फरक.

पलटणीच्या क्रमांकाविषयीं एक सावधगिरी बाळगावी लागते. १९२२ च्या सुमारास हिंदी सैन्याची फेररचना झाली आणि मराठा पलटणी एकत्र करून ‘पांचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ बनविण्यांत आली. जुनी १०३ वी तिची पहिली बटालियन झाली, ११० वी तिसरी झाली आणि ११७ वी पांचवी झाली. आजोबा पांचव्या बटालियनमध्यें होते असें घरांत परंपरेनें सांगत असले, तर १९१४ च्या कागदांत त्यांचा शोध ११७ व्या पलटणींत घ्यावा लागतो. क्रमांकाची ही एक गांठ न सुटल्यामुळें शोध पहिल्याच पायरीवर अडून राहतो.

दुसरा दुवा छायाचित्राचा. निघण्यापूर्वीं छावणीच्या गांवांतील फोटोवाल्याकडे काढलेलें चित्र सहज ओळखूं येतें: मागें रंगविलेला पडदा, शेजारीं तिवई, आणि नव्या कोऱ्या गणवेशांत ताठ बसलेला तरुण. बाहीवर एक फीत असेल तर लान्स नाईक, दोन असतील तर नाईक, तीन असतील तर हवालदार, इतकें त्यावरून समजतें. परदेशांतून आलेलें चित्र याहून अधिक बोलतें. खजुरीच्या राईंतून वाहणारा कालवा आणि त्यांत अरुंद नावा दिसल्या, तर तें बसऱ्याच्या आसपासचें असावें. विटांची प्रचंड भग्न कमान दिसली, तर ती टेसिफोन येथील प्राचीन इराणी बादशहांच्या राजवाड्याची कमान. त्या कमानीजवळ हिंदी फौज प्रथम पोहोंचली ती नोव्हेंबर १९१५ मध्यें, आणि पुन्हां गेली ती मार्च १९१७ मध्यें. बगदादच्या रस्त्यावर हिंदी शिपाई मोकळेपणानें उभा असेल, तर तें चित्र ११ मार्च १९१७ नंतरचेंच असलें पाहिजे; कारण त्या दिवशीं जनरल मॉड यांच्या सैन्यानें बगदाद घेतलें, आणि त्यापूर्वीं या फौजेंतला जो शिपाई त्या शहरांतून गेला, तो कैदी म्हणून गेला. चित्रामागील तारीख पुसली गेली असली, तरी चित्रांतील भिंत अशी साक्ष देते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा दुवा पत्रांचा. येथें पहिली अडचण लिपीची येते. त्या काळचीं मराठी पत्रें पुष्कळदां मोडींत असत. मोडींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि प्रत्येकाचें वळण निराळें. १९५० नंतरच्या दशकांत शाळांतून मोडी गेली. त्यामुळें आजोबांचें पत्र हातांत असून नातवाला तें वाचतां येत नाहीं, अशी स्थिति शेंकडों घरांत आहे. दुसरी अडचण लेखकाची. पुष्कळ शिपाई निरक्षर होते. पलटणींतील एखादा लिहिणारा त्यांचीं पत्रें लिहून देई, आणि गांवीं तीं पत्रें भटजी, मास्तर किंवा पोस्टमन वाचून दाखवी. पतीनें पत्नीला सांगावयाचें तें असें दोन परक्या माणसांच्या तोंडून जाई. पत्राच्या आरंभीं तीर्थरूपांस शिरसाष्टांग नमस्कार, नंतर येथील कुशल, नंतर बैल, शेत, पाऊस आणि कर्ज यांची विचारपूस, आणि शेवटीं लहानथोरांस आशीर्वाद व नमस्कार. या ठराविक चौकटींत मनांतलें किती मावत असेल, याचा विचार वाचणारानें करावा. मनिऑर्डरीचें कुपन कधीं कधीं पत्राहून अधिक खरें बोलतें. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. त्यांतून घरीं किती आले आणि कोणत्या महिन्यापासून येईनासे झाले, यावरून त्याची स्थिति ताडतां येते.

पत्रावर मुक्कामाचें नांव नसतें, कारण तें लिहिण्यास बंदी होती. पण पाकिटावर हिंदुस्थानचें तिकीट असतें, त्यावर आय. ई. एफ. हीं अक्षरें छापलेलीं असतात, आणि लष्करी टपाल कचेरीचा क्रमांक असलेला शिक्का असतो. परदेशीं गेलेल्या हिंदी फौजांना अक्षरें दिलेलीं होतीं: फ्रान्सला गेलेली ‘ए’, मेसापोटेमियाला गेलेली ‘डी’, ईजिप्तला गेलेली ‘ई’. पत्त्यांत ‘डी’ हें अक्षर दिसलें म्हणजे फ्रान्सचा विचार सोडून देऊन तैग्रीसचा नकाशा पुढें घ्यावा.

पत्रें तपासलीं जात, हें शिपायांना ठाऊक होतें. फ्रान्समधील हिंदी टपालावर कॅप्टन हॉवेल या अधिकाऱ्याची नेमणूक झाली होती. त्याच्या कचेरीनें केलेले उतारे आणि भाषांतरें लंडनच्या दप्तरांत आजहि आहेत, मूळ पत्रें मात्र बहुतेक नाहींशीं झालीं. त्या उताऱ्यांवरून असें दिसतें कीं, शिपाई काळी मिरी आणि लाल मिरची अशा आडपडद्याच्या शब्दांनीं हिंदी आणि गोऱ्या सैनिकांविषयीं लिहीत. तेव्हां घरच्या पत्रांत एखादें वाक्य विनाकारण पिकाविषयीं किंवा मसाल्याविषयीं आलेलें दिसलें, तर तें तसेंच सोडून देऊं नये.

आतां प्रत्यक्ष वाट पाहूं गेल्यास ती अशी. १९१४ च्या ऑक्टोबरमध्यें पुणें डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड मुंबई बंदरांतून निघाली. तींत ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला ती शत्-अल-अरबच्या मुखाशीं फाव येथें उतरली, आणि त्याच महिन्यांत बसरा शहर ताब्यांत आलें. तैग्रीस आणि युफ्रेटीस यांच्या संगमावरील कुर्ना डिसेंबरच्या आरंभीं पडलें. १९१५ च्या एप्रिलमध्यें, १२ ते १४ तारखेस, बसऱ्याच्या पश्चिमेस शैबा येथें निकराची लढाई झाली. त्यानंतर जनरल टाउनशेंड यांनीं सूत्रें घेतलीं. मे अखेरीस नद्यांना पूर येऊन सारा मुलूख जलमय झाला होता. तेव्हां १०३ वी मराठा पलटण ज्या १७ व्या ब्रिगेडमध्यें होती, तिचे शिपाई होड्यांतून वल्हीं मारीत शत्रूवर चालून गेले. सह्याद्रीच्या कुशींतून आलेल्या माणसांना हें युद्ध किती अपरिचित वाटलें असेल! ३ जूनला अमारा मिळालें, सप्टेंबरच्या अखेरीस कुट मिळालें, आणि सरकारला बगदादचा मोह पडला.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजीं टेसिफोनच्या कमानीखालीं लढाई झाली. टाउनशेंडच्या फौजेचीं सुमारें साडेचार हजार माणसें मृत वा जखमी झालीं. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांतून नदीवर आणलें, आणि उघड्या आगबोटींवर दाटीवाटीनें निजवून अनेक दिवसांच्या प्रवासानें बसऱ्यास पोहोंचविलें. जखमा सडल्या होत्या. तरीहि जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याच्या तारा वर गेल्या. पुढें मेसापोटेमिया कमिशननें १९१७ च्या अहवालांत हा सारा प्रकार उघड केला आणि हिंदुस्थान मंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. शिपायाच्या पत्रांतील ‘सर्व कुशल’ आणि अधिकाऱ्याच्या तारेंतील ‘समाधानकारक’ हीं दोन्ही खोटींच. परंतु पहिलें आईचा जीव सांभाळण्यासाठीं लिहिलेलें होतें आणि दुसरें स्वतःची बाजू सांभाळण्यासाठीं. इतिहास लिहिणारानें दोन्ही कागद एकाच तराजूंत घालूं नयेत. या काळांतील एखादें पत्र मुंबईच्या शिक्क्याचें असेल, तर तो शिपाई जखमी होऊन परत आला असण्याचा संभव असतो. मुंबईंतील प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची नवी इमारतहि त्या वेळीं लष्करी इस्पितळासाठीं वापरली जात होती.

जे परत आले नाहींत, ते माघार घेत ३ डिसेंबरला कुटमध्यें शिरले. ७ डिसेंबरला तुर्कांनीं वेढा पुरा केला. पेटींतील पत्रांचा क्रम येथें तुटतो. वेढ्यांतून बिनतारी यंत्रानें सेनापतीचे संदेश जात, पण शिपायाचें पत्र जाऊं शकत नव्हतें. हा वेढा १४७ दिवस चालला. सुटकेसाठीं आलेल्या फौजेनें जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चिखलांत आणि पुरांत धडका मारल्या. त्यांत वेढ्यांत अडकलेल्यांहून कितीतरी अधिक, सुमारें २३ हजार, माणसें मृत वा जखमी झालीं. विमानांनीं पिठाचीं पोतीं टाकलीं, आणि जव दळण्यासाठीं जात्याचे दगडहि टाकले. २४ एप्रिलच्या रात्रीं ‘जुलनार’ नांवाची आगबोट सुमारें २७० टन शिधा घेऊन निघाली, ती वाटेंतच शत्रूच्या हातीं पडली.

उपाशी सैन्यापुढें घोड्याचें मांस हाच आहार उरला. हिंदी शिपायांनीं तें कित्येक आठवडे नाकारलें. धर्माधिकाऱ्यांकडून परवानगीचे निरोप मागवून देण्यांत आले, तरी गांवीं परतल्यावर आपल्याला पंक्तींत घेणार नाहींत, मुलींचीं लग्नें होणार नाहींत, ही भीति मोठी होती. पुष्कळांनीं एप्रिलच्या मध्यावर, अगदीं निरुपाय झाल्यावर तें तोंडांत घातलें. तोंवर स्कर्व्ही या रोगानें हिंदी पलटणींना ग्रासलें होतें. वाचलेले शिपाई घरीं परत आल्यावर कुटविषयीं बोलत नसत, असें ज्या घरांत आठवतात, तेथें या मौनाचें एक कारण कदाचित् येथें सांपडेल. २९ एप्रिल १९१६ रोजीं टाउनशेंडनें शस्त्रें खालीं ठेवलीं. सुमारें १३ हजार माणसें कैद झालीं.

यानंतरची वाट पत्रांवर नाहीं. ती इतरांच्या नोंदींवरून जुळवावी लागते. कैद्यांना कुटवरून शुमरान येथें नेलें, तेथून बगदादला, तेथून आगगाडीनें समाऱ्यापर्यंत. पुढें रूळ नव्हते. तिक्रीत, मोसूल, निसिबिन या मार्गानें, उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यांत, शेंकडों मैल चालत त्यांना रास-अल-ऐन येथें नेण्यांत आलें. बगदाद रेल्वेचें काम तेथें चालू होतें. हिंदी कैद्यांना त्या कामावर लावलें. गोऱ्या शिपायांपैकीं बहुतेकांना आणखी पश्चिमेस डोंगरांतील बोगद्यांच्या कामावर धाडलें, आणि त्यांच्यांतील निम्म्याहून पुष्कळ अधिक मेले. हिंदी शिपाई आणि नोकरचाकर मिळून दहा हजारांवर होते. त्यांपैकीं सुमारें तीन हजार मृत ठरले किंवा कायमचे बेपत्ता झाले. खुद्द टाउनशेंड त्या काळांत कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बंगल्यांत राहत होते.

या वाटेचा माग घरच्या पत्रांवरून घेणाऱ्या एका कुटुंबाचें उदाहरण बंगालचें आहे. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर कुटच्या वेढ्यांत होते. १९१७ मध्यें रास-अल-ऐन येथें कैदेंतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या वृद्ध आजी मोक्षदा देवी यांनीं नातवाचीं पत्रें जुळवून ‘कल्याण-प्रदीप’ नांवाचा ग्रंथ १९२८ मध्यें प्रसिद्ध केला. सुशिक्षित घर, इंग्रजी-बंगाली जाणणारा नातू आणि लिहिती आजी, एवढा योग जुळला म्हणून तें चरित्र राहिलें. त्याच छावणींतून गेलेल्या मराठा शिपायाच्या घरीं हा योग नव्हता. म्हणून त्याचें चरित्र अजून पेटींतच आहे.

कैदेंतून कधीं एखादें कार्ड येई. त्यावर तुर्की शिक्के, तपासनिसाच्या खुणा आणि दोन-तीन ओळी असत. असें कार्ड पेटींत मिळालें, तर तें सर्वांत मोलाचें समजावें. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसनें कैद्यांच्या याद्या जमविल्या होत्या. त्या आतां सर्वांस पाहण्यास खुल्या आहेत. पलटणींच्या रोजनिशा लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. पदकावरील नंबर, पाकिटावरील शिक्का आणि रोजनिशींतील तारीख हीं तीन जुळलीं, म्हणजे अमुक दिवशीं वडील अमुक गांवीं होते असें खात्रीनें म्हणतां येतें.

एक पत्र मात्र पेटींत बहुधा सांपडत नाहीं. मृत्यूची वार्ता देणारें पत्र वाचून फाडून टाकण्याची आपल्याकडे रीत होती. अशुभ कागद घरांत ठेवीत नसत. त्यामुळें घरीं परत न आलेल्या शिपायाच्या पेटींत त्याच्या कुशलाचींच पत्रें उरतात, आणि ज्या कागदावर त्याच्या मृत्यूचें स्थळ व तारीख होती, तेवढाच नाहींसा झालेला असतो. पत्रसंग्रह एकाएकीं संपला, तर या रीतीची आठवण ठेवावी.

तीच उणीव सरकारी स्मारकानेंहि भरून काढली नाहीं. मेसापोटेमियांत मृत्यु पावलेल्या आणि थडगें नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठीं बसरा येथें १९२९ मध्यें स्मारक उभारलें गेलें. त्यावर गोऱ्या सैनिकांचीं नांवें कोरलीं, हिंदी अधिकाऱ्यांचीं कोरलीं. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी कोरली. १९९७ मध्यें तें स्मारक शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर हलविण्यांत आलें. युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानें २०२१ मध्यें आपल्या अहवालांत मान्य केलें कीं, हिंदी, आफ्रिकी आणि इतर ४५ ते ५४ हजार मृतांचें स्मरण असमानतेनें झालें. कबुली आली ती शंभर वर्षांनीं. ज्यांना ती ऐकावयाची होती, त्या आया आणि विधवा केव्हांच गेल्या होत्या.

यासाठीं पेटी उघडणारानें कांहीं गोष्टी कराव्या. पत्रें आणि पाकिटें वेगळीं करूं नयेत, कारण शिक्का पाकिटावर असतो. प्रत्येक कागदावर मऊ पेन्सिलीनें बारीक अनुक्रम घालावा. प्लॅस्टिकच्या आवरणांत कागद डकवूं नये. मोडीच्या जाणकाराकडून पत्रें वाचून घेऊन बाळबोध प्रत करावी, आणि न लागलेले शब्द अंदाजानें न भरतां कोरे सोडावे. घरांत सांगत आलेली कथा आणि कागदांतील माहिती जुळली नाहीं, तर दोन्ही लिहून ठेवावीं. वडिलांना वीर ठरविण्याची घाई नको. पाणी वाहणारा, खेचरें हांकणारा, भुकेनें व्याकुळ होऊन नको तें खाणारा मनुष्यहि त्या इतिहासांत तितकाच मोठा आहे. बसऱ्याच्या दगडावर जो केवळ एका आंकड्याचा भाग होऊन राहिला, त्याचें नांव, गांव आणि आईला केलेला नमस्कार या कागदांवर आहे. आणि वाळवी लागण्यापूर्वीं तो वाचला गेला पाहिजे.